साडूची बोट आणि माझा टॉर्च: जुनी मोटर यॉट घेतानाचं एक प्रकरण

आधी सांगून टाकतो, मी धुळ्याचा. पंप-नोझलचं काम करतो, मुंबई-आग्रा हायवेला लागून दुकान आहे. ट्रक, ट्रॅक्टर, जेसीबी, बोअरच्या गाडीचा कॉम्प्रेसर, जे काही डिझेलवर चालतं ते कधी ना कधी माझ्या बाकावर येतं. समुद्राचा आणि माझा संबंध म्हणजे गणपतीपुळ्याला एकदा पाय भिजवले तेवढाच. तरी गेल्या हिवाळ्यात मलेशियात लंकावीला जाऊन तीन मोटर यॉटच्या पोटात उताणा झोपून आलो, आणि त्यातली एक माझ्या साडूने घेतली. ती का घेतली, बाकीच्या दोन का सोडल्या आणि मी स्वतः कुठे हुकलो ते सगळं लिहून ठेवतोय, कारण तेव्हा आम्हाला असं काही मराठीत वाचायला मिळालं असतं तर निम्मी भांडणं वाचली असती.

साडू म्हणजे आमचे अण्णा. शिंदखेडा तालुक्यातले, मर्चंट नेव्हीत गेले, कॅप्टन होऊन रिटायर झाले, आता वय ६१, गुडघे कुरकुरतात. देवपूरचा एक प्लॉट विकला आणि डोक्यात घेतलं की नोव्हेंबर ते एप्रिल बोटीवर राहायचं, बेटं फिरायची, उरलेले महिने धुळ्यात. अंदमान समुद्राच्या त्या बाजूला हेच महिने कोरडे, समुद्र निवांत. म्हणजे हिशोब असा झाला की गार वाऱ्याचे दिवस बोटीवर आणि मे महिना धुळ्यात ४४ डिग्रीला. अक्का (माझ्या बायकोची मोठी बहीण) म्हणाली, माणसं उन्हाळ्यात समुद्रावर जातात, आपण उन्हाळ्यात परत येणार, वा. पण अण्णांनी ठरवलं म्हणजे ठरवलं.

भारतात आणायचा विचार पहिल्याच आठवड्यात बारगळला. कस्टम ड्युटी आहेच, आणि सप्टेंबर २०२५ पासून यॉटवर ४० टक्के जीएसटी. वर मुंबईत पावसाळ्यात छोट्या बोटी पाण्याबाहेर काढून ठेवाव्या लागतात ते वेगळं. लंकावी १९८७ पासून ड्युटी फ्री बेट आहे, जगभर फिरून वय झालेले गोरे लोक तिथेच बोटी विकून घरी जातात, त्यामुळे जुना माल बघायला मिळतो. भारतीय पासपोर्टवर मलेशियात ३० दिवस व्हिसाशिवाय राहता येतं, म्हणजे मध्ये थायलंडला चक्कर मारायची किंवा कायमची वेगळी सोय बघायची, ते अण्णांचं खातं, मी त्यात पडलो नाही.

मला न्यायचं कारण एकच. अण्णांना नकाशा, हवामान, भरती-ओहोटी, बंदराचे नियम सगळं तोंडपाठ, पण इंजिनरूममध्ये ते आयुष्यात पाहुण्यासारखे गेले. निघताना म्हणाले, "भो, तू फक्त इंजिन देख, बाकी बठ्ठं मी देखस." हे वाक्य लक्षात ठेवा, शेवटी कामाला येईल.

पहिलं भांडण इथेच झालं, धुळ्यात ओट्यावर बसून. अण्णांना दोन इंजिनंच पाहिजे होती. एक बंद पडलं तर काय पोहत यायचं का. मी विचारलं, अण्णा, तुम्ही ३० वर्षं ज्या जहाजांवर होतात त्यांना किती इंजिनं होती? तर म्हणे एक. मग? मग काही बोलले नाहीत, चहा मागवला. खरी गोष्ट अशी आहे की डिझेल इंजिन अचानक बंद पडतं ते बहुतेक वेळा घाण डिझेलने किंवा हवा धरल्याने, आणि दोन्ही इंजिनं त्याच टाकीचं पीत असतील तर दोन्ही एकाच दिवशी मरणार. हे मी हायवेवर रोज बघतो. शिवाय एक इंजिनवाल्या ट्रॉलर पद्धतीच्या (मासेमारी बोटीच्या घडणीच्या, जड आणि हळू चालणाऱ्या) बोटीला पंखा मधोमध, कण्याच्या मागे लपलेला असतो, दोन इंजिनवाल्याला दोन्ही पंखे उघडे लोंबतात, आणि तिकडच्या पाण्यात मासेमारीची जाळी ठिकठिकाणी. पंख्यात जाळं अडकलं की इंजिन किती का असेनात. दोन इंजिनांचा फायदा नाही असं नाही, धक्क्याला लावताना बोट जागेवर फिरवता येते, पण ते काम बोटीच्या तोंडाशी बसवलेला छोटा थ्रस्टर, म्हणजे बोट आडवी ढकलणारा पंखाही करतो.

पहिली बोट ४४ फुटी, वर फ्लायब्रिज (छतावरून बोट चालवायची जागा), पांढरीशुभ्र, आतून हॉटेल. दोन टर्बो इंजिनं, प्रत्येकी ३७० हॉर्सपॉवर. मीटरवर फक्त ६४० तास. ब्रोकर ते ६४० असं सांगत होता जसं आपल्याकडे गाडी विकणारा सांगतो, डॉक्टरांनी वापरलेली आहे साहेब. बोट २२ वर्षांची. ६४० भागिले २२, वर्षाला २९ तास. इंजिन चालून जेवढं झिजतं त्याहून जास्त उभं राहून सडतं, त्यात खाऱ्या हवेत. सीझनमध्ये रोज चालणारा ट्रॅक्टर परवडला पण लग्नात मिळालेला आणि शेडमध्ये ठेवलेला नको, हे आमच्याकडे पोरगंही सांगेल.

सकाळी आठला गेलो. मी काही बोलायच्या आधी डाव्या इंजिनाच्या ब्लॉकवर हात ठेवला. कोमट. म्हणजे आम्ही यायच्या आधी कोणीतरी चालवून ठेवलं होतं. हा डाव जगात सगळीकडे सारखाच दिसतोय, जुन्या ट्रॅक्टरच्या बाजारात तर हा पहिला धडा. काही न बोलता दुसऱ्या दिवशीची वेळ मागितली आणि स्पष्ट सांगितलं की मी हात लावेपर्यंत चावी फिरवायची नाही. दुसऱ्या दिवशी थंड स्टार्ट घेतला तर उजवं इंजिन चार-पाच मिनिटं पांढरा धूर सोडत होतं आणि मागे पाण्यावर डिझेलचा इंद्रधनुषी तवंग पसरला. नोझल टपकतायत किंवा कॉम्प्रेशन गेलंय. नोझल असतं तर माझा एक दिवसाचा खेळ, पण हेड खोलायची वेळ आली तर कुठून खोलणार? दोन्ही इंजिनांच्या बाहेरच्या अंगाला हात जात नव्हता. समुद्राचं पाणी खेचणारा पंप नेमका त्या अंगाला, त्यातला रबरी इंपेलर नेहमी बदलायची गोष्ट, आणि तिथे पोचायला मी पालथा पडून खांद्यापर्यंत हात घातला तरी बोटं फक्त कव्हरच्या स्क्रूला लागली. पंजाची साल निघाली ती निघालीच.

आणि मग डिझेल. ट्रायलला १८ नॉट (ताशी सागरी मैल) वेगात दोन्ही मिळून ताशी ११० लिटर. लंकावी ते थायलंडमधलं फुकेत साधारण सव्वाशे सागरी मैल धरा, सात तास, साडेसातशे लिटरच्या वर. हीच बोट हळू चालवा की, असं कोणी म्हणेल. चालवता येते, पण मोठी टर्बो इंजिनं सतत कमी लोडवर चालवली की आत काजळी धरते, आणि वेगासाठी बनवलेला चपटा तळ हळू चालताना डुलतो, सुकाणू नीट धरत नाही. शिवाय ती अमेरिकन बोट होती, आतली सगळी वायरिंग १२० व्होल्ट ६० सायकलची, मलेशियात धक्क्यावर २३० व्होल्ट ५० सायकल. अक्काने धुळ्याहून मिक्सर आणायचं ठरवलेलं, तो काय, एसीसुद्धा ट्रान्सफॉर्मर आणि सायकलच्या भानगडीत अडकणार. पहिली बोट बाद. अण्णा दोन दिवस गप्प होते, त्यांना ती आवडली होती.

दुसरीत खरी शाळा झाली. ४२ फुटी तैवानी ट्रॉलर, चाळिशी ओलांडलेली, आतून सगळं सागवान, इतकं सुंदर की अक्का सोफ्यावर बसून म्हणाली हीच घ्या. किंमतही तिघींत सगळ्यात कमी. अशा त्या काळातल्या बोटींचा एक ठरलेला आजार असतो, तो मला तिथल्याच एका म्हाताऱ्या खलाशाने सांगितला. डेकवर सागाच्या पट्ट्या, त्या खालच्या फायबरमध्ये स्क्रूने ठोकलेल्या, म्हणजे डेकला शेकड्यांनी भोकं. वर्षानुवर्षांनी त्यातून पाणी झिरपतं, फायबरच्या दोन थरांमधलं लाकूड कुजतं, आणि उरलेलं पाणी खाली कुठे जातं? बरोबर खाली असतात डिझेलच्या टाक्या, साध्या लोखंडाच्या.

मी स्क्रूड्रायव्हरची मूठ घेऊन डेक ठोकत गेलो. कलिंगड ठोकून बघतो ना आपण, तसं. नाळेकडे, म्हणजे बोटीच्या तोंडाकडे टक टक टक, खणखणीत, आणि डिझेल भरायच्या झाकणापाशी आल्यावर आवाज एकदम भद्द. दीड हात जागा भद्द. खाली इंजिनरूममध्ये गेलो तर टाकीची समोरची बाजू नवी कोरी पांढरी रंगवलेली. कोणी टाकी रंगवतं का हो? मागे, टाकी आणि बोटीच्या अंगामध्ये जेमतेम तीन बोटं फट. मोबाईल एका वेताच्या काठीला रबरबँडने बांधला, टॉर्च चालू, व्हिडिओ चालू, आणि आत सरकवला. बाहेर काढून बघितलं तर वरच्या कडेला गंजाचे पापुद्रे, मांड्याची घडी उलगडावी तसे एकावर एक, आणि मधून एक ओली काळी रेघ खालपर्यंत. बोट घालून वास घेतला, डिझेल.

टाकी बदलायची म्हणजे काय ते ऐका. टाक्या दोन्ही अंगाला, मध्ये इंजिन, वर सलूनची (बोटीतल्या बैठकीच्या खोलीची) फरशी आणि ते सगळं सागवान. टाकी आधी बसवून मग बोट तिच्याभोवती बांधलेली. एक तर इंजिन उचलून बाहेर, नाहीतर टाकी जागेवरच कापून तुकडे काढायचे आणि दोन-तीन छोट्या टाक्या आत घालायच्या. वर डेक उकलून पुन्हा भरणं. तिथल्या यार्डातून तोंडी अंदाज घेतला, तो बोटीच्या किमतीच्या अर्ध्याच्या वर गेला आणि वेळ म्हणाल तर एक आख्खा सीझन. ब्रोकर म्हणे, त्यासाठीच तर किंमत कमी आहे. मी अण्णांना सांगितलं, स्वस्त नाही, उधारी आहे ही. इंजिनं ठणठणीत होती, हे मुद्दाम सांगतो, दोन्ही मस्त एका सेल्फला उचलली. पण इंजिन मी दुरुस्त करीन हो, इंजिनाच्या मागे जिथे हात जात नाही ते कोण करणार? तिथून पुढे माझा एकच नियम झाला, बघायची जागा तीच जिथे बघता येत नाही.

अक्का मात्र चिडली. मला म्हणाली, "हाई घर शे का गॅरेज? तुम्हले फक्त टाकी दिसस." तिचं बरोबर होतं. कारण राहायला ती जाणार होती, मी नाही. म्हणून तिसऱ्या बोटीला आधी तिला पाठवलं, आम्ही बाहेर थांबलो.

तिसरी ४० फुटी, दिसायला रिक्षा. पाण्याच्या रेषेवर लांबी ३६ फूट. अशा जड, पाणी कापत जाणाऱ्या बोटीचा वेग त्या लांबीच्या वर्गमुळाला १.३४ ने गुणून येतो, ३६ चं वर्गमूळ ६, म्हणजे ८ नॉट, त्याच्यावर कितीही ताकद लावा, नुसती लाट मोठी होते. ट्रायलला ७ नॉटला ताशी आठ लिटर लागले. म्हणजे फुकेत अठरा तास, दीडशे लिटरच्या आत. अण्णांना अठरा तासांचं काही वाटलं नाही, आयुष्यभर जहाजावर पाळीने वॉच (पहारा) केलेला माणूस.

अक्काने आत जाऊन जे बघितलं ते आम्ही दोघांनी बघितलंच नसतं. पलंगाला दोन्ही बाजूंनी उतरता येतं का (येतं, म्हणजे रात्री एकमेकांवरून उडी मारायला नको), संडासाच्या पाइपला वास येतो का (येत होता, पाइप बदलावा लागला), फ्लायब्रिजला शिडी आहे की जिना (जिना, अण्णांचे गुडघे वाचले), ओट्यापाशी उभं राहून दोन्ही हात मोकळे ठेवून टेकायला जागा आहे का. भाकरी थापताना एक हात धरायला लागला तर भाकरी कशी होणार, हे कुठल्याही सर्व्हेत नसतं. गॅस तिला हवाच होता, इंडक्शनवर कळण्याची भाकरी फुगत नाही म्हणे. इथे मात्र अण्णा सावध होते. एलपीजी हवेपेक्षा जड, गळला की बोटीच्या तळाशी साचतो आणि बाहेर जात नाही, मग एक ठिणगी पुरते. सिलिंडर वर डेकवर, ज्याच्या तळाला बाहेर समुद्रात उघडणारं भोक आहे अशा बंद कप्प्यात पाहिजे. या बोटीत तो सोफ्याखालच्या कपाटात होता. घेतल्यावर पहिलं काम ते केलं.

मी खाली उतरलो आणि खरं सांगतो, हसू आलं. एक बादली उलटी टाकून इंजिनाच्या डाव्या बाजूला बसलो, मग उजव्या बाजूला बसलो. बसलो! इंजिन फोर्ड लेहमन १२०. इंग्लंडच्या फोर्डचं सहा सिलिंडरचं, सव्वासहा लिटरचं डिझेल, अमेरिकेतल्या लेहमनने समुद्रासाठी बदललेलं. टर्बो नाही, सेन्सर नाही, इनलाइन पंप, म्हणजे आमचं रोजचं. एक खोड माहीत असावी लागते, त्या पंपाचं तेल वेगळं असतं आणि ते दर ५० तासांनी बदलायचं, बरेच मालक विसरतात. इथे पंपाच्या शेजारी खडूने तास लिहून ठेवले होते, शेवटची नोंद ४१ तासांपूर्वीची. ते बघून मी निम्मा विकला गेलो. मीटरवर ५,२०० तास, मला एक तासाचंही दुःख नाही. थंड स्टार्ट, दोन फटके, किंचित धूर, संपला. तेलाचं झाकण उघडून हात धरला, वाफ फेकत नव्हतं. टाक्या फायबरच्या, खाली ड्रेन कॉक, लोणच्याच्या बरणीत डिझेल काढलं तर तळाला चमचाभर पाणी, वर स्वच्छ मधासारखं.

मग रीतसर सर्व्हेअर लावला. हा खर्च वाचवायचा नाही, आणि ब्रोकरने सुचवलेला घ्यायचा नाही, तसंही इन्शुरन्सवाले सर्व्हे रिपोर्ट मागतातच (वर कॅप्टन असलेल्या माणसाला छोट्या बोटीचा अनुभव किती म्हणून विचारलं, अण्णा दिवसभर लाल). बोट पट्ट्यांच्या क्रेनने पाण्याबाहेर काढली, हातोडी, ओल मोजायचं मीटर. तळाला हरभऱ्याएवढे तीसचाळीस फोड निघाले, फायबरमध्ये पाणी मुरल्याचे, सर्व्हेअर म्हणाला दिसायला वाईट, बुडवणारे नाहीत. फुल थ्रॉटलला २,५०० आरपीएम यायला पाहिजे तिथे २,२८० आले, पंख्यावर शिंपल्यांचा थर होता, तो खरवडल्यावर पुढे गेले. इंजिन ऑइलचा नमुना लॅबला पाठवला, त्यात सोडियम सापडलं तर समुद्राचं पाणी आत शिरतंय असं समजायचं. नाही सापडलं. ट्रायलला समुद्र थोडा आडवा होता आणि गोल तळाची बोट चांगली हेलकावली, अक्काने दोनदा उलटी केली आणि तिसऱ्यांदा चहा मागितला, त्यावरून अण्णांनी ठरवलं.

मागत होते ६४,००० डॉलर, सर्व्हेचे कागद पुढे ठेवून ५५,००० ला तुटलं, म्हणजे साधारण ४८ लाख. पैसे पाठवताना आपल्याकडे दहा लाखांच्या वरच्या रकमेवर बँक २० टक्के टीसीएस (आगाऊ कर) कापते, रिटर्न भरल्यावर ते जमा धरतात पण तोवर अडकतात. सीएने सांगितलं बोट दोघांच्या नावावर घ्या आणि निम्मे पैसे अक्काच्या खात्यातून पाठवा, दहा-दहा लाखांची सूट दोनदा मिळाली, दोन लाख कमी अडकले. सोबत अण्णांनी दहा लाख वेगळे ठेवले होते, हात न लावायचे.

त्यातले तीन लाखांच्या वर तीन महिन्यांत गेले, आणि माझ्यामुळे. मी इंजिन ऑइलचा नमुना लॅबला पाठवला, गिअरबॉक्सच्या तेलाचा नाही पाठवला. तेल मोजायची काडी काढून बघितली, लाल होतं, वास जळका नव्हता, झालं. तू फक्त इंजिन देख म्हणाले होते आणि मी खरंच फक्त इंजिन बघितलं. गिअरबॉक्सचं तेल गार करायला एक छोटा कूलर असतो, त्याच्यातून समुद्राचं पाणी फिरतं, तो आतून खारवून पातळ झाला होता. जानेवारीत कोह लिपे या थायलंडच्या बेटाच्या अलीकडे अण्णांचा व्हिडिओ कॉल, काडी कॅमेऱ्यासमोर धरलेली, आणि तेलाचा रंग असा की दुधात रूह अफजा ढवळलाय. पाणी तेलात. कूलर अडीचशे डॉलरचा, पण त्याच्या नादाने गिअरबॉक्स खोलून भरायला ३,४०० गेले, आणि बोट तीन आठवडे धक्क्याला. जुना कूलर ठोकून बघायचा नसतो, घेतल्या घेतल्या बदलायचा असतो, इंजिन ऑइलचाही आणि गिअरचाही, हे मला आता तिथला प्रत्येक माणूस सांगतो.

अण्णा एका शब्दाने बोलले नाहीत. एप्रिलमध्ये परत आले तेव्हा तो जुना कूलर सामानात घेऊन आले, माझ्या बाकावर ठेवला आणि चहा मागवला. अजून तिथेच आहे, नोझलच्या ट्रेशेजारी. नोव्हेंबरमध्ये मी पंधरा दिवसांसाठी जाणार आहे, हीट एक्सचेंजर खोलायचाय आणि एक्झॉस्टमध्ये पाणी मिसळतं तो एल्बो काढून आतून बघायचाय. अक्काने यादी दिलीय, कळण्याचं पीठ पाच किलो आणि संडासाच्या पंपाचं किट.